व्हिडिओ संपीडन व प्रवाही प्रेषण

व्हिडिओ संपीडन व प्रवाही प्रेषण : हलत्या चित्रांचा अंकीय स्वरूपातील संदेश, त्यातील टाळता येण्याजोगा भाग वगळून, कमीत कमी बिटांत मांडण्याच्या तंत्रास व्हिडिओ संपीडन म्हणतात. असा संदेश पूर्णपणे हाती येण्याची वाट न पाहता तो संगणक-जाळ्यावरून येत असतानाच क्रमाने दाखवीत राहण्याच्या पद्धतीस प्रवाही प्रेषण म्हणतात. पहिले तंत्र मुख्यतः गणित व दृष्टिविज्ञान यांवर, तर दुसरे संदेशवहन अभियांत्रिकीवर आधारलेले आहे. या दोन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, कारण त्यांच्या गरजा एका बाबतीत परस्परविरोधी आहेत. संदेशातील पुनरुक्ती काढून टाकणे हे संपीडनाचे कार्य होय; परंतु वाटेत काही भाग गहाळ झाला, तरी उरलेल्या भागावरून अर्थ लागतो तो या पुनरुक्तीमुळेच. संदेश जितका अधिक आवळावा तितकी त्याची हानी सोसण्याची शक्ती घटते. इंटरनेटवरील व्हिडिओच्या प्रगतीचा बराचसा भाग हा विरोध मिटविण्याच्या प्रयत्नांतून घडला आहे.

संपीडनाची आवश्यकता : अंकीय चित्र हे पिक्सेल म्हणजे चित्रबिंदूंच्या आडव्या-उभ्या रांगांचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांच्या तीव्रतांनी दर्शविला जातो. प्रत्येक तीव्रतेस ८ याप्रमाणे एका बिंदूस २४ बिट लागतात. उच्च विभेदनाच्या दूरचित्रवाणीत आडव्या ओळीत १,९२० बिंदू व अशा १,०८० ओळी असतात. दर सेकंदास २५ चित्रे धरल्यास सेकंदाला सु. १२४ कोटी बिट पाठवावे लागतील. एका तासाच्या कार्यक्रमास या हिशोबाने सु. ५६० अब्ज बाइट (१ बाइट = ८ बिट) इतकी साठवण लागेल. प्रत्यक्षात हेच चित्र घरगुती जोडणीवर सेकंदाला ५० लाख बिटांच्या आसपास पाठविले जाते व प्रेक्षकास त्यात सहसा उणीव जाणवत नाही. याचा अर्थ मूळ संदेशाचा सु. अडीचशेवा हिस्साच प्रत्यक्ष प्रवास करतो. उरलेला भाग एकतर ग्राही यंत्राला स्वतः रचता येतो, किंवा तो नसल्याचे डोळ्यास कळत नाही. संपीडनाच्या सर्व युक्त्या या दोन प्रकारांत मोडतात.

मूलतत्त्वे : पहिली युक्ती मानवी दृष्टीच्या मर्यादेवर आधारलेली आहे. उजेड व छाया यांतील बारीक फरक डोळ्यास जितके स्पष्ट दिसतात तितके रंगांतील बारीक फरक दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक बिंदूचे तीन रंग न पाठविता एक उजळपणाचा व दोन रंगदर्शक असे घटक तयार करतात आणि रंगदर्शक घटक चार बिंदूंस मिळून एकदाच पाठवितात. केवळ एवढ्यानेच बिटांची संख्या निम्मी होते.

दुसरी युक्ती एकाच चित्रातील साधर्म्यावर आधारलेली आहे. आकाश, भिंत, वस्त्र इत्यादींच्या पृष्ठांवर शेजारशेजारचे बिंदू बहुधा सारखेच असतात. चित्राचे लहान चौरस ठोकळे (उदा., ८ × ८ बिंदूंचे) करून प्रत्येक ठोकळ्यातील बिंदूंच्या मूल्यांचे रूपांतर निरनिराळ्या कंप्रतांच्या लहरींच्या परिमाणांत केले जाते. यासाठी सर्वाधिक वापरले गेलेले रूपांतर म्हणजे विविक्त कोज्या रूपांतर होय. बंगलोर येथे जन्मलेले व अमेरिकेत कॅनझस स्टेट विद्यापीठात अध्यापन करणारे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह ते १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये या संशोधनासाठी त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे मागितलेले अनुदान, कल्पना फार साधी वाटल्याने, मिळाले नव्हते. रूपांतरामुळे ठोकळ्याचा बहुतेक आशय कमी कंप्रतांच्या थोड्या आकड्यांत एकवटतो. उच्च कंप्रतांचे आकडे सामान्यतः लहान असतात.

या टप्प्यापर्यंत मूळ चित्र जवळजवळ जसेच्या तसे परत मिळविता येते. खरी काटछाट होते ती पुढील टप्प्यात, म्हणजे स्थूलांकनात. यात प्रत्येक आकडा ठराविक टप्प्यांपैकी सर्वांत जवळच्या टप्प्यावर आणून बसवितात. टप्पे मोठे ठेवल्यास उच्च कंप्रतांचे बहुतेक आकडे शून्य होतात व ते पाठविण्याची गरज उरत नाही. मात्र यात गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. टप्पे अवाजवी मोठे केले की, चित्रात ठोकळ्यांच्या कडा चौकटीसारख्या उमटतात, तर कडांभोवती पुसट लहरी दिसतात. निकृष्ट जोडणीवर चेहरा चौकोनी तुकड्यांचा बनलेला दिसतो, त्याचे कारण हेच. शेवटी उरलेल्या आकड्यांना, वारंवार येणाऱ्यास आखूड व क्वचित येणाऱ्यास लांब, असे संकेत दिले जातात. या परिवर्ती लांबीच्या संकेतांचा सैद्धांतिक पाया क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घातला व डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये असे संकेत रचण्याची सोपी रीत दिली.

गतीचे पूर्वानुमान : सर्वांत मोठी बचत लगतच्या चित्रांतील साधर्म्यामुळे होते. बातम्या सांगणाऱ्या व्यक्तीच्या मागील पडदा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात बदलत नाही. ओठ, पापण्या व मान यांपुरताच बदल होतो. म्हणून आधीच्या चित्रावरून पुढील चित्राचा अंदाज बांधून प्रत्यक्ष चित्र व अंदाज यांतील फरक तेवढा पाठविला जातो. वस्तू सरकत असल्यास, आधीच्या चित्रातील कोणता ठोकळा किती व कोणत्या दिशेने सरकला, हे दर्शविणारा गतिसदिश फरकाबरोबर पाठवितात. या रीतीस गतिपूरण म्हणतात. तिच्या विकासात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अरुण नेत्रावळी यांचा महत्त्वाचा वाटा आहे. त्यांचा जन्म मुंबईत झाला. तेथील भारतीय तंत्रविद्या संस्थेतून ते १९६७ मध्ये पदवीधर झाले. जे. डी. रॉबिन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा गतिपूरित संकेतनाविषयीचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

या पद्धतीत चित्रांचे तीन प्रकार पडतात : इतर कोणत्याही चित्रावर न विसंबणारे स्वयंपूर्ण चित्र, मागील चित्रावरून अनुमानित केलेले चित्र, आणि मागील व पुढील अशा दोन्ही चित्रांवरून अनुमानित केलेले चित्र. स्वयंपूर्ण चित्रास सर्वाधिक बिट लागतात, म्हणून ते काही अंतरानेच घालतात. कोणत्या दृश्याचे संपीडन चांगले होईल, हे त्यातील गती पूर्वानुमानास किती वश आहे यावर अवलंबून असते. सरळ धावणाऱ्या आगगाडीचा अंदाज बांधणे सोपे असते. याउलट पावसाच्या सरी, फेसाळ लाटा किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळलेला गुलाल यांत प्रत्येक ठोकळा आधीच्याहून वेगळा असल्याने अनुमान फसते व बिटांची मागणी एकाएकी वाढते.

मानकांचा विकास : पाठविणारा व घेणारा यांची संकेतभाषा एक असल्याखेरीज हे तंत्र उपयोगी पडत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांची गरज भासली. दूरध्वनी-जाळ्यावरून दृश्य-परिषदा घेण्यासाठी १९८८ मध्ये मान्य झालेले एच.२६१ हे व्यवहारात यशस्वी ठरलेले पहिले मानक होय. ते सेकंदास ६४ हजार बिटांच्या १ ते ३० पटींसाठी योजलेले होते. गतिपूरण, कोज्या रूपांतर, स्थूलांकन व परिवर्ती संकेत यांची जी साखळी त्यात होती तीच, सुधारित रूपात, नंतरच्या बहुतेक मानकांत आढळते. त्याच वर्षी एमपेग या तज्ञगटाची स्थापना झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे पहिले मानक सेकंदास सु. १५ लाख बिटांच्या तबकडी-साठवणीसाठी होते. दुसऱ्याचा (१९९५) उपयोग अंकीय दूरचित्रवाणी व डीव्हीडी तबकड्या यांत झाला. इंटरनेटवर व्हिडिओ सर्वत्र पसरला तो मुख्यतः २००३ च्या एच.२६४ या मानकामुळे. पुढे एच.२६५ (२०१३), एव्ही१ (२०१८) व एच.२६६ (२०२०) ही मानके आली.

या प्रगतीत एखादे नवे तत्त्व क्वचितच आढळते. अनुमान अधिकाधिक नेमके करण्यासाठी पर्याय वाढवीत जाणे, हेच तिचे स्वरूप आहे. गतिसदिश प्रारंभी पूर्ण बिंदूंत मोजत. ते पुढे अर्ध्या व एच.२६४ मध्ये पाव बिंदूपर्यंत मोजले जाऊ लागले. ठोकळ्याचा आकार दृश्यानुसार लहानमोठा करता येऊ लागला. एच.२६५ मध्ये तो ६४ × ६४ व एच.२६६ मध्ये १२८ × १२८ बिंदूंपर्यंत जातो. यांतील प्रत्येक नव्या पिढीचे उद्दिष्ट, दिसण्याचा दर्जा तोच ठेवून आधीच्या पिढीच्या सु. निम्म्या बिटांत काम भागविणे, हे राहिले आहे. त्याची किंमत गणनाच्या रूपाने द्यावी लागते. पर्याय वाढले की त्यांतील उत्तम पर्याय शोधण्यास लागणारे श्रमही अनेक पटींनी वाढतात.

मानक हे केवळ संकेतभाषा व ती उलगडण्याची रीत ठरविते. संदेश कसा आवळावा याचे बंधन ते घालीत नाही. त्यामुळे घराघरांतील ग्राही यंत्रे न बदलताही संकेतक अधिक कुशल करता येतो. दिलेल्या बिटांत चित्राची विकृती कमीत कमी राहील अशा रीतीने प्रत्येक ठोकळ्याबाबत निर्णय घेणे, हे त्याचे काम होय. एका बिटाच्या खर्चाने विकृती किती घटते याची तुलना करून तो खर्च जेथे सर्वाधिक फलदायी ठरेल तेथे केला जातो. एकाच मानकाचे दोन संकेतक म्हणूनच भिन्न दर्जाचे चित्र देतात.

संगणक-जाळ्याचे स्वरूप : दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणास स्वतःचा राखीव मार्ग असतो. इंटरनेटवर तसा मार्ग कोणासही मिळत नाही. संदेशाचे सामान्यतः १,५०० बाइटांपर्यंतच्या पॅकेटांत तुकडे केले जातात आणि ती इतरांच्या पॅकेटांबरोबर एकाच मार्गावरून जातात. गर्दी झाली की पॅकेटे वाटेतील यंत्रांपाशी रांगेत थांबतात. रांग भरली की पुढची टाकून दिली जातात. पॅकेट पोहोचेलच, ठराविक वेळी पोहोचेल किंवा क्रमाने पोहोचेल, यांपैकी कशाचीही हमी जाळे देत नाही.

संपीडित व्हिडिओवर याचा काय परिणाम होतो, हे साध्या हिशोबाने कळते. वर दिलेल्या उच्च विभेदनाच्या असंपीडित चित्रातील एक पॅकेट गहाळ झाले, तर सु. ५०० बिंदू एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरते नाहीसे होतील. डोळ्यास ते जाणवणारही नाही. तेच चित्र सेकंदास ५० लाख बिटांत आवळले असता एक चित्र सरासरीने सु. १७ पॅकेटांत मावते. त्यांतील एक गेल्यास चित्राचा मोठा पट्टा बिघडतो आणि पुढील सर्व चित्रे त्यावरून अनुमानित होत असल्याने तो दोष पुढचे स्वयंपूर्ण चित्र येईपर्यंत पसरत जातो. सेकंदास सु. ४१७ पॅकेटे जात असताना हजारात एक गहाळ झाले, तरी सरासरीने दर अडीच सेकंदांस एक आघात होतो. स्वयंपूर्ण चित्रे दोन सेकंदांच्या अंतराने असतील, तर प्रेक्षकास वारंवार सदोष चित्र दिसेल. ती अधिक वेळा घातल्यास दोष लवकर पुसला जातो, परंतु संपीडनाने साधलेली बचत त्या प्रमाणात गमवावी लागते.

हानीवर दोन मुख्य उपाय आहेत. एकात काही जादा पॅकेटे अशी रचून पाठवितात की, गहाळ झालेले पॅकेट उरलेल्यांवरून काढता यावे. दुसऱ्यात गहाळ झालेले पॅकेट पुन्हा मागवितात. पहिल्यास जादा बिट लागतात, दुसऱ्यास वेळ. दोन व्यक्तींच्या संभाषणात थांबण्यास सवड नसल्याने पहिल्याचा आधार अधिक घ्यावा लागतो. चित्रपटासारख्या तयार कार्यक्रमात काही सेकंदांचा राखीव साठा करून मग दाखविण्यास प्रारंभ केला, तर पुन्हा मागविण्यास पुरेसा अवधी मिळतो. या राखीव साठ्यास बफर म्हणतात.

हानी टाळण्यासाठी अधिक जोराने पाठविणे हा मात्र उपाय नव्हे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील आवार यांमध्ये, सु. ३६५ मी. अंतरावर, प्रेषणाचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला. पोहोच न मिळालेली पॅकेटे जो तो पुन्हापुन्हा पाठवीत राहिल्याने गर्दी अधिकच वाढली होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सुचविलेल्या रीतीनुसार प्रत्येक प्रेषक हानी दिसताच आपला वेग घटवितो व सुरळीत चालू असता हळूहळू वाढवितो. या संयमामुळे जाळे टिकले, परंतु प्रेषणाचा वेग सतत खालीवर होऊ लागला. व्हिडिओला हवा असतो तो स्थिर वेग.

अनुकूली प्रेषण : या अडचणीतून काढलेला मार्ग म्हणजे अनुकूली प्रेषण होय. कार्यक्रम आधीच निरनिराळ्या दर्जांत (उदा., सेकंदास ३ लाख, ८ लाख, २५ लाख व ५० लाख बिट) आवळून ठेवतात. प्रत्येक दर्जाच्या आवृत्तीचे २ ते १० सेकंदांचे खंड पाडतात व प्रत्येक खंडाचा प्रारंभ स्वयंपूर्ण चित्राने करतात. प्रेक्षकाचे यंत्र एकेक खंड मागविते. आधीचे खंड किती वेगाने आले व बफरमध्ये किती सेकंदांचा साठा शिल्लक आहे, हे पाहून पुढचा खंड कोणत्या दर्जाचा घ्यावा हे ते ठरविते. मार्ग मोकळा असल्यास चित्र सुस्पष्ट होते. गर्दी वाढल्यास ते काहीसे पुसट होते, पण थांबत नाही. मध्येच थांबणाऱ्या चित्रापेक्षा पुसट पण अखंड चित्र प्रेक्षकास अधिक सह्य वाटते, हा यामागील अनुभव होय.

या रचनेचा आणखी एक लाभ असा की, निर्णय घेण्याचे काम प्रेक्षकाच्या यंत्राकडे गेल्याने पाठविणाऱ्या यंत्रास प्रत्येकाची स्थिती लक्षात ठेवावी लागत नाही. लेखी पाने देणारी सर्वसामान्य वेब-यंत्रेच व्हिडिओचे खंडही देऊ शकतात. मायक्रोसॉफ्ट (२००८) व ॲपल (२००९) यांनी या पद्धती प्रचारात आणल्या आणि २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

वितरण : एकच कार्यक्रम असंख्य प्रेक्षकांस द्यावयाचा, तर मार्गावरून त्याची एकच प्रत पाठवून फाटे फुटतील तेथे तिच्या प्रती काढाव्यात, ही कल्पना बहुप्रेषण या नावाने ओळखली जाते. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील इंटरनेट अभियंत्यांच्या सभेतील ध्वनी या रीतीने तीन खंडांतील २० ठिकाणी ऐकविण्यात आला. मात्र वाटेतील सर्व जाळ्यांचे सहकार्य लागत असल्याने ही पद्धत खुल्या इंटरनेटवर सार्वत्रिक झाली नाही. तिच्याऐवजी कार्यक्रमाच्या प्रती प्रेक्षकांच्या जवळच्या केंद्रांत आधीच नेऊन ठेवण्याची पद्धत रूढ झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेली अकामाई ही या क्षेत्रातील आरंभीची संस्था होय. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदास सु. २ लाख किमी. वेगाने जातो, मुंबई-न्यूयॉर्क हे सरळ अंतर सु. १२,५०० किमी. धरल्यास संदेश जाऊन उत्तर येण्यास किमान ०.१२५ सेकंद लागतो. पोहोच मिळाल्यावरच वेग वाढविणाऱ्या प्रेषण-रीतीत हा विलंब जितका जास्त तितका साध्य वेग कमी, म्हणून जवळच्या केंद्राचा लाभ दुहेरी असतो.

एकाच वेळच्या मागणीचे प्रमाण किती मोठे असू शकते, याचे उदाहरण भारतात मिळते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना एका इंटरनेट सेवेवर एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या ५.९ कोटींपर्यंत गेली. प्रत्येकास सेकंदास केवळ १० लाख बिट धरले, तरी एकूण प्रवाह सेकंदास ५९ लाख कोटी बिट होतो. अशा वेळी संपीडनात साधलेली दहा टक्के बचतही ५.९ लाख कोटी बिटांची असते. थेट प्रक्षेपणात बफर व खंड यांमुळे चित्र प्रत्यक्ष घटनेच्या काही सेकंद, कित्येकदा अर्ध्या मिनिटापर्यंत, मागे राहते. शेजारच्या दूरचित्रवाणीवरील जल्लोष ऐकू आल्यानंतर आपल्या पडद्यावर गडी बाद होताना दिसतो, तो यामुळे. खंड आणखी बारीक तुकड्यांत पाठवून हा विलंब घटविता येतो; मात्र साठा लहान झाल्याने चित्र अडखळण्याचा संभव वाढतो.

दर्जाचे मापन : बिट वाचविले हे मोजणे सोपे, परंतु चित्र बिघडले नाही हे ठरविणे अवघड असते. मूळ व संपीडित चित्रांतील बिंदूंच्या मूल्यांतील फरकांचे वर्ग घेऊन काढलेले माप सोयीचे आहे, पण ते डोळ्याच्या निर्णयाशी नेहमी जुळत नाही. गवतातील मोठा फरक नजरेस येत नाही, तर चेहऱ्यावरील लहानसा डागही खुपतो. म्हणून चित्राच्या रचनेतील साम्य पाहणारे माप २००४ मध्ये, तर अनेक मापे एकत्र करून प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांशी जुळवून घेतलेले व्हीमॅफ हे माप २०१६ मध्ये पुढे आले. अंतिम कसोटी मात्र प्रेक्षकांस प्रत्यक्ष चित्र दाखवून त्यांचे मत घेणे हीच राहते. अशा मापनांमुळे सर्व कार्यक्रमांस एकच बिटप्रमाण लावण्याची प्रथा मागे पडली. डिसेंबर २०१५ मध्ये नेटफ्लिक्सने प्रत्येक कार्यक्रमाच्या गुंतागुंतीनुसार स्वतंत्र बिटप्रमाणे ठरविण्याची पद्धत जाहीर केली. सपाट रंगांच्या व्यंगपटास थोड्या बिटांत उत्तम दर्जा मिळतो, तर धावपळीच्या दृश्यांस अधिक बिट द्यावे लागतात.

मर्यादा व परिणाम : संपीडनातील प्रत्येक सुधारणेबरोबर कोणती तरी किंमत येते. नव्या मानकातील संदेश आवळण्यास अधिक वेळ व वीज लागते. ज्या भ्रमणध्वनीत तो उलगडणारी खास मंडल-चकती नसते, त्याची विद्युत्‌ घटमाला लवकर संपते. त्यामुळे जुनी व स्वस्त यंत्रे वापरणाऱ्यांसाठी जुन्या मानकातील आवृत्तीही ठेवावी लागते. एकस्वांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एच.२६५ साठी एकस्वधारकांचे वेगवेगळे गट परवानाशुल्क मागू लागल्याने त्याचा प्रसार अपेक्षेपेक्षा मंद झाला. शुल्करहित पर्याय देण्यासाठी २०१५ मध्ये काही मोठ्या संस्थांनी संघटना स्थापन केली. तिनेच एव्ही१ तयार केले.

चित्राची सत्यता हा आणखी एक प्रश्न आहे. एव्ही१ मध्ये फिल्मवरील कणमयता काढून टाकून ग्राही यंत्रात तशीच नवी कणमयता निर्माण करण्याची सोय आहे. चेतातंतूंच्या जाळ्यावर बेतलेल्या गणनपद्धती याच्या पुढे जाऊन पुसट चित्रात संभाव्य तपशील भरू शकतात. मनोरंजनात यास हरकत नसली, तरी वैद्यकीय चित्रे, न्यायालयीन पुरावा किंवा वाहनाचा क्रमांक यांबाबत दिसणारा तपशील मूळचा की अनुमानाने रचलेला, हे ठाऊक असणे अगत्याचे असते.

या तंत्राचे सार्वजनिक महत्त्व मार्च २०२० मध्ये स्पष्ट झाले. कोविड-१९ च्या साथीत लोक घरी राहिल्याने शिक्षण, वैद्यकीय सल्ला व कामकाज यांचा भार जाळ्यांवर एकदम वाढला. यूरोपीय संघाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने यूरोपात ३० दिवसांसाठी बिटप्रमाण घटविले. जाळ्यावरील त्याचा भार त्यामुळे सु. एक चतुर्थांशाने कमी होईल असा अंदाज होता. भारतातही मनोरंजन-सेवांनी भ्रमणध्वनी-जाळ्यांवर १४ एप्रिल २०२० पर्यंत ४८० ओळींहून अधिक विभेदनाचे चित्र न देण्याचे मान्य केले. अनुकूली प्रेषणाची व्यवस्था आधीच असल्यामुळे हा बदल प्रेक्षकांच्या यंत्रांना हात न लावता करता आला. सामाईक मार्गावर एकाने घेतलेले बिट दुसऱ्यास मिळत नाहीत. यामुळे संपीडनाची सुधारणा मोठ्या पडद्यावरील चित्र अधिक रेखीव करण्यापुरती मर्यादित राहत नाही. जोडणी क्षीण व माहितीचा दर परवडणे कठीण अशा ठिकाणी तोच पाठ, तोच सल्ला किंवा तेच संभाषण कितपत पोहोचेल, हेही तिच्यावर अवलंबून असते.